काचेच्या पेटीतली शेवंती

नवलकरांच्या सुनेनं कॅमेरा घेऊन परळ-लालबागकडे हिंडावं, हे गिरगावातल्या त्यांच्या वाडीत कुणालाच पटलं नव्हतं. सासूबाईंनी अबोला धरला होता. शेजारणी हळदीकुंकवाला बोलावत, पण विड्याबरोबर एखादी कोपरखळीही हातावर ठेवत. कालिंदी ती मुकाट्यानं घेई. करायचं ठरलंच आहे तर वाद कशाला, असा तिचा स्वभाव.

त्याचं झालं असं. तिचे यजमान शरच्चंद्र नवलकर यांचा ठाकुरद्वाराजवळ फोटोचा स्टुडिओ होता. मुंबईत प्लेग शिरला त्याच्या आदल्या साली एका पारशी छापखानेवाल्यानं त्यांना काम दिलं. शहरातल्या कष्टकरी बायकांचे फोटो काढून द्या, मी त्यांचं पुस्तक करून विलायतेला विकायला पाठवतो, असं तो म्हणाला. शरच्चंद्रांनी आनंदानं हो म्हटलं आणि आठवडाभरात हात हलवत परत आले. परक्या पुरुषासमोर, त्यातून त्याच्या त्या तीन पायांच्या यंत्रासमोर, एकही बाई उभी राहीना. भोईवाड्यात तर गोवऱ्या थापणाऱ्या एकीनं शेणाचा हात उगारला होता.

कालिंदी लग्न होऊन आल्यापासून अंधारखोलीत नवऱ्याच्या हाताखाली काम करत होती. फोटो उमटतो त्या काचा भरणं, धुणं, कागदावर छापणं, सगळं तिला येत होतं. ती म्हणाली, "मी जाऊन बघू का?"

शरच्चंद्रांनी कोपऱ्यातल्या तिपाईकडे पाहिलं. मग म्हणाले, "धोंडूला बरोबर ने. तिपाई जड आहे."

धोंडू हा त्यांच्याकडचा म्हातारा गडी. तिपाई खांद्यावर टाकून तो पुढे चालायचा आणि कुणी काही विचारलं तर, "बाईसाहेब सांगतील," म्हणून मोकळा व्हायचा.

पहिले काही दिवस कालिंदीचीही तीच गत झाली. तिला पाहून बायका पळाल्या नाहीत, पण पदर ओढून पाठमोऱ्या बसल्या. फोटोनं आयुष्य कमी होतं, असं एकीनं सांगितलं. दुसरी म्हणाली, नवऱ्याला विचारायला हवं, आणि नवरा तर चार महिन्यांसाठी गावी गेलेला. शीवच्या कोळीवाड्यात सखुबाई नावाच्या कोळणीनं मात्र तिला अडवलं. "फोटू कार, नायतर नको कारू. पन आदी म्हावरा घे."

कालिंदी प्रभूंच्या घरची. मासळीतलं तिला कळत होतं. ती खाली उकिडवी बसली, पापलेटाचा कल्ला उघडून बघितला आणि हे कालचं आहे म्हणाली. सखुबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं, टोपलीच्या तळातून दुसरं पापलेट काढलं आणि मग दोघींची घासाघीस बराच वेळ रंगली. ती संपेपर्यंत भोवती पाच-सात बायका जमल्या होत्या. कालिंदीनं सहज म्हणून एकीला काळ्या कपड्याखाली घेतलं आणि कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर समोरची सखुबाई दाखवली. सखुबाई त्यात उलटी दिसत होती, पाय वर, टोपली खाली, आणि टोपलीतलं म्हावरं काही पडत नव्हतं. ती बाई हसत सुटली. मग प्रत्येकीला बघायचं होतं, आणि ज्यांनी बघितलं त्यांना आपणही तसं कसं दिसतो ते दुसरीनं बघावं असं वाटत होतं.

कालिंदीला वाट सापडली. त्यानंतर ती कुठंही गेली की आधी बसायची. काहीतरी विकत घ्यायची, पाणी मागायची, लेकराचं नाव विचारायची. मग काळा कपडा पुढे करायची आणि आधी त्यांना बघू द्यायची. स्वतः बघण्याची पाळी ती सगळ्यांत शेवटी घ्यायची. असे तिनं दादरच्या माळिणींचे फोटो काढले, गिरणीच्या रीळखात्यातल्या बायकांचे काढले, जाईबाई नावाच्या एका सुईणीचाही काढला.

लालबागेत एका चाळीच्या तळमजल्यावर शेवंतीची खाणावळ होती. नवरा कुशाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. कोकणातून एकटे आलेले वीसेक गिरणकामगार तिच्याकडे दोन वेळा जेवत. कालिंदी दुपारी तिथं पोचली तेव्हा पंगत उठून गेली होती आणि शेवंती दारात बसून तांदूळ निवडत होती. तिशीच्या आतबाहेरची, उंच, सावळी बाई. हनुवटीवर एक आडवा वण. कालिंदी बसली, पाणी मागितलं, आणि पुढचं काही बोलायच्या आतच शेवंती म्हणाली, "तुमी त्या फोटोवाल्या बाई ना? माझा काढा."

इतक्या लवकर आजवर कुणी तयार झालं नव्हतं.

"केस दिसतील काय त्येच्यात?" तिनं विचारलं.

"पदर जरा मागे घेतलात तर दिसतील."

शेवंतीनं पदर जरा नव्हे, पुरता मागे घेतला. आत जाऊन वेणी घालून आली, अबोलीचा वळेसर माळला आणि कमरेखाली पोचणारी ती जाड वेणी खांद्यावरून पुढे घेऊन बसली. उजवा हात वेणीवर ठेवला. कालिंदीनं हात खाली ठेवायला सांगितलं, पण तो राहून राहून तिथंच जाई. शेवटी तिनं तो तसाच राहू दिला.

"आनि ह्यो बघनार कोण?" शेवंतीनं मध्येच विचारलं.

"पुस्तकात छापणार आहेत. पुस्तक विलायतेला जाईल. तिकडचे साहेब, मडमा बघतील."

"हितलं कोण नाय?"

"इथलं कुणी नाही," कालिंदी म्हणाली. तिला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

श्वास धरायला सांगून तिनं भिंगावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले आणि झाकण बसवलं. शेवंतीनं श्वास सोडला आणि म्हणाली, "डोळे मिटले नाहीत ना हो माझे?"

ते वाक्य लालबागच्या चाळीतलं नव्हतं. कालिंदीच्या ते कानावर आलं आणि तिनं तिथंच सोडून दिलं. मुंबईत कोण कुठून आलेलं असतं, कुणाकुणाला विचारायचं?

फोटो फार चांगला आला. शरच्चंद्रांनी काच उजेडात धरली आणि म्हणाले, "असा मला नसता साधला." असलं ते सहसा बोलत नसत. दोन दिवसांनी कालिंदी दुकानात आली तर रस्त्याकडेच्या काचेच्या पेटीत, गव्हर्नर साहेबाच्या बंगल्याच्या नि एका संस्थानिकाच्या फोटोंच्या मधोमध, शेवंती लावलेली. कालिंदी पेटीसमोर थांबली. आपण काय बोललो होतो ते तिला आठवलं. पण लालबागेतली माणसं गिरगावात फोटो बघायला कशाला येतील, असं मनाशी म्हणून ती आत गेली. खरं सांगायचं तर तिला तो तिथं असावासा वाटत होता.

महिनाभरानं एक गृहस्थ दुकानात आले. डोक्याला पगडी, अंगावर स्वच्छ अंगरखा, खांद्यावर उपरणं. त्यांना येताजाता पेटीपुढे रेंगाळताना धोंडूनं बऱ्याचदा पाहिलं होतं. आज आत येऊन त्यांनी शरच्चंद्रांना विचारलं, "बाहेर त्या वेणीवाल्या बाईंचा फोटो आहे. त्या कुठल्या?"

"तो आमच्या मंडळींनी काढलाय. त्यांनाच ठाऊक," म्हणून शरच्चंद्रांनी कालिंदीला आतून हाक मारली.

गृहस्थांनी आपलं नाव जनार्दन असं सांगितलं. राजापूरकडचे, आगबोटीच्या कचेरीत कारकून, मुंबईत येऊन वर्ष होत आलेलं. बोलायला त्यांना अवघड जात होतं. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "ती माझी बहीण आहे. वेणू. नऊ वर्षांमागं खाडीत बुडाली."

कालिंदी म्हणाली, "चेहऱ्यासारखे चेहरे असतात."

"असतात. पण हनुवटीवरचा वण तसाच असत नाही. विळीवर पडली होती ती, मीच ढकललं होतं. अकराव्या वर्षी तिचा नवरा गेला. मग... आमच्याकडची रीत तुम्हांला माहीत असेलच. महिन्याच्या महिन्याला न्हावी यायचा. एक दिवस तिचं आलवणाचं तांबडं लुगडं खाडीच्या काठी सापडलं. देह मिळाला नाही. आम्ही दर्भाचा करून जाळला." त्यांनी बाहेर पेटीकडे पाहिलं. "केस असलेली वेणू मी लहानपणीच काय ती पाहिली. म्हणून पहिल्यांदा खात्री पटेना."

कालिंदीला वेणीवर परत परत जाणारा तो हात दिसला.

"पत्ता शोधावा लागेल," ती म्हणाली. "रविवारी सकाळी या."

ते गेल्यावर शरच्चंद्र म्हणाले, "पत्ता तर तुला तोंडपाठ आहे."

"आहे."

"सख्खा भाऊ आहे तिचा. त्याला कळायला नको का?"

"तिनं आलवण काठावर कशासाठी टाकलं असेल? कुणी शोधू नये म्हणूनच ना? आणि मी तिला सांगून आले की इथलं कुणी बघणार नाही."

शरच्चंद्रांना ही दुसरी गोष्ट ठाऊक नव्हती. ते उठले, पेटी उघडून फोटो काढला आणि कालिंदीच्या हातात दिला. "तू मला आधी सांगायला हवं होतंस," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती लालबागला गेली ती कॅमेरा न घेता. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढं पायी. गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेला होता आणि खाणावळीत पंगत बसली होती. शेवंती वाढत होती. कालिंदीला बघून हसली, बसा म्हणाली. कालिंदी पंगत उठेपर्यंत थांबली आणि मग जे झालं ते सगळं सांगितलं, फोटो पेटीत पाहून आपण गप्प बसलो तेही.

शेवंती खरकटी भांडी एकात एक रचत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही. सगळी रचून झाल्यावर ती म्हणाली, "विलायतेला जातो म्हणाल्या होतात तुम्ही." आता तिनं लालबागची बोली ठेवली नव्हती.

"हो."

"मी दोनदा विचारणार होते. म्हटलं, एवढी भली बाई, कशाला संशय घ्यायचा?"

कालिंदीनं रचलेली भांडी उचलून मोरीशी ठेवली.

"मी केस दाखवायला बसले होते हो. बाकी कशाला नाही. नऊ वर्षं वाढवलेत. कुणी तरी बघावेत, लांबच्या का होईना." शेवंतीनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "अण्णा एकटाच आला होता?"

"एकटेच."

"घरी कळवलंय त्यानं?"

"बोलले नाहीत तसं."

शेवंतीनं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "त्याला इथं आणू नका. इथं मी मराठ्याची बायको आहे, शेजारी सगळे तेच जाणतात. मी येते रविवारी. ह्यांना घेऊन येते."

"कुशाबांना ठाऊक आहे?"

"त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आगबोटीतून मी उतरले तेव्हा डोक्यावर केस कुठं होते माझ्या? ते धक्क्यावर हमाली करत होते तेव्हा. मला बघून त्यांनी काही विचारलं नाही, उन्हाची आहेस म्हणून आपलं मुंडासं दिलं."

रविवारी दुकान बंद होतं. शरच्चंद्रांनी पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवलं. जनार्दनपंत आधी आले आणि फोटोसाठी ठेवलेल्या खुर्चीवर न बसता भिंतीशी उभे राहिले. थोड्या वेळानं शेवंती आली. मागे कुशाबा, रुंद खांद्यांचा, धुवट सदरा घातलेला. तो दाराशीच थांबला. कालिंदी आत जायला निघाली तर शेवंतीनं तिचा हात धरून ठेवला.

"वेणू," जनार्दनपंत म्हणाले.

"अण्णा, तू वाळलास."

जनार्दनपंत उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळू लागले. मग शेवंतीनंच विचारलं, "आई?"

"आहे. डोळ्यांनी दिसत नाही तिला आता. हातानं चाचपून सगळं करते. तुझं नाव घेते कधीकधी. तुझी वहिनी गप्प करते तिला."

"आणि तू काय ठरवून आलास? मला न्यायला?"

"नाही."

"मग?"

जनार्दनपंतांनी तोंडावरून हात फिरवला. "माझ्या मोठीचं लग्न ठरतंय, देवरुखच्या घराण्यात. राजापूरची माणसं मुंबईत रोज येतात. कुणी तरी तो फोटो ओळखला तर मुलीचं काय होईल ते तुला सांगायला नको. तो तिथून काढा, एवढं सांगायलाच मी आत येणार होतो."

"येणार होतास म्हणजे?"

"पहिल्या दिवशीच यायला हवं होतं. पण आत येऊन बोललो की हे लोक तो काढणार. मग म्हटलं, आजचा दिवस राहू दे. कचेरीतून सुटलं की इकडून जायचो. रोज म्हणायचो, उद्या सांगू. शेवटी आत आलो, तर तुझा पत्ताच विचारून बसलो." त्यांनी तिच्या वेणीकडे पाहिलं. "तुझ्या डोक्यावर वस्तरा चालायचा तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहायचो. आत यायचो नाही."

शेवंती म्हणाली, "मला ठाऊक होतं तू अंगणात असायचास."

कुशाबा इतका वेळ आपल्या पायांकडे बघत होता. तो आता पहिल्यांदा बोलला. "भाऊ जेवान करतीत काय? घरला चला. सकाळपासनं हिनं चूल पेटवल्येली हाय."

जनार्दनपंत दचकले. शेवंती घाईनं म्हणाली, "तो बाहेर जेवत नाही." कुशाबानं मान डोलावली. त्याला राग आलेला दिसला नाही.

"आईला सांगशील?" शेवंतीनं विचारलं.

"सांगून ती पोटात ठेवील होय? चार बायकांत बोलून जाईल."

"मग नको सांगूस." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते भरले नव्हते. "अण्णा, मी मेलेय तेच बरं आहे. तुझ्या मुलीचं लग्न होईल, आणि माझीही खाणावळ चालेल. माझ्या पंगतीतल्या माणसांना मी ब्राह्मणाची विधवा ते कळलं तर पापाच्या भीतीनं अर्धे उठून जातील." मग ती कालिंदीकडे वळली. "फोटो पुस्तकात राहू दे. विलायतेला जाऊ दे. खाली नाव घालू नका. आणि ती काच मला द्या."

फोटोची मूळ काच दुकानातून बाहेर द्यायची नाही, असा शरच्चंद्रांचा शिरस्ता होता. कालिंदीनं त्यांच्याकडे पाहिलं. पुस्तकासाठीचा फोटो छापून झाला होता. ते अंधारखोलीत गेले, काच आणली, मऊ कापडात गुंडाळून शेवंतीच्या हाती दिली. वर एक छापलेला फोटोही ठेवला. शेवंतीनं फोटो उजेडाकडे करून बघितला. डोळे मिटलेले नव्हते.

निघताना भाऊबहिणींनी एकमेकांना पुन्हा भेटू असं म्हटलं नाही. जनार्दनपंत पुढच्या दारानं गेले, ती दोघं मागच्या.

पुस्तकाचं काम पुढं चालू राहिलं. कालिंदी आता काळा कपडा पुढं करायच्या आधी प्रत्येकीला सांगायची की हा फोटो कुणाच्याही हाती पडू शकेल, अगदी तुमच्या गावच्या माणसाच्याही. ऐकून बऱ्याच जणी उठून जायच्या. गुणवंती नावाची एक भाजीवाली तर फोटोला बसून, श्वास धरून, मग नको म्हणाली. छापखानेवाल्याला ठरल्यापेक्षा कमी फोटो मिळाले आणि त्यानं कुरकुर केली. शरच्चंद्रांनी ती परस्पर ऐकून घेतली.

शिमगा उलटल्यावर पुस्तक तयार झालं. शेवंतीला ते दाखवावं म्हणून कालिंदी एका रविवारी दुपारी लालबागला गेली. रविवारी गिरण्या बंद, त्यामुळे पंगत उशिरा बसली होती. दारात चपलांची रास पडली होती आणि तिच्यापासून जरा बाजूला एक पुणेरी जोडा नीट जुळवून ठेवला होता. आतून कुळथाच्या पिठीचा वास येत होता.

कालिंदीनं उंबऱ्यातून आत पाहिलं. पंगतीच्या टोकाला जनार्दनपंत मांडी घालून बसले होते. डोक्यावर पगडीऐवजी साधी टोपी होती. पुढ्यात सगळ्यांसारखीच पत्रावळ, आणि पत्रावळीवरचा निम्मा भात संपलेला. शेवंती ओळीनं वाढत येत होती. त्यांच्यापुढं आली तेव्हा इतरांना वाढला तेवढाच भात तिनं वाढला आणि पुढं सरकली.

नंतर भांडी घासताना तिनं कालिंदीला सांगितलं की अण्णा खाणावळी हुडकत पहिल्यांदा आला तेव्हा दारात उभा राहून नुसतं पाणी मागितलं. लोटा रिकामा केला, परत दिला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी येऊन टोकाला बसला. आता रविवारचा असतोच. सगळ्यांसारखे पैसे ठेवतो आणि तीही घेते, न घेऊन कसं चालेल?

पण हे नंतरचं. कालिंदी उंबऱ्यात उभी होती तेव्हा जनार्दनपंतांच्या शेजारी बसलेल्या लवू नावाच्या तरण्या कामगारानं भात कालवता कालवता त्यांना विचारलं, "पावनं, गाव खंयचा तुमचा?"

"राजापूरकडचं."

"मगे आमची वयनी पन थंयचीच." लवूनं शेवंतीकडे बोट केलं. "वळाकता काय?"

जनार्दनपंतांनी वर पाहिलं. शेवंती पिठीचं भांडं घेऊन उभी होती.

"नाही," ते म्हणाले. "गाव मोठं आहे." आणि पिठीसाठी त्यांनी भातात आळं केलं.